आधी माप, मग पाना

जुन्या गाडीचं इंजिन बांधायला काढलं की मालक सगळ्यात आधी सुटे भाग शोधायला निघतो. पिस्टनचा सेट, रिंगा, बेअरिंग, पॅकिंगचा पूर्ण संच असं सगळं पिशवीत भरून तो गॅरेजमध्ये पोचतो. मग कळतं, की क्रँक आधीच वीस थाऊ घासलेला आहे, हातातली बेअरिंग दहाची आहेत आणि चारपैकी एका बोअरमध्ये कुणीतरी कधीतरी स्लीव्ह घातलेली आहे. पन्नास-साठ वर्षं चाललेल्या इंजिनाला असा इतिहास असतोच. तो कोणत्याही कागदावर नसतो. तो धातूत असतो आणि मायक्रोमीटर लावल्यावरच कळतो. म्हणून माझं सांगणं असं, की भाग विकत घेण्याआधी, किंबहुना इंजिन खाली उतरवण्याआधीच मोजायला लागा आणि प्रत्येक आकडा वहीत उतरवा. पुढचं सगळं त्या वहीवर ठरतं.

उदाहरणासाठी मी फियाट ११०० आणि तिचंच पुढचं रूप असलेली प्रीमियर पद्मिनी घेतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. इंजिन समजायला सोपं आहे. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, मेन बेअरिंग तीन. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तो फिरतो साखळीवर आणि व्हॉल्व्ह हलतात पुशरॉडने. हजारो टॅक्सींनी हे इंजिन वापरल्यामुळे त्याचे भाग आजही मिळतात आणि ते शेकडो वेळा उघडलेले मिस्त्रीही भेटतात. पहिलं इंजिन बांधायला याहून चांगलं इंजिन मला सुचत नाही.

परदेशातून भाग मागवणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. इटलीत १९६२ नंतर विकल्या गेलेल्या ११०० डी गाडीला १२२१ सीसीचं इंजिन होतं आणि त्याचा बोअर ७२ मिमी होता. नाव तेच असलं तरी ते पिस्टन आपल्या ब्लॉकला चालत नाहीत. मागवताना गाडीचं नाव सांगू नका, बोअरचं माप सांगा.

कामाला हात घालण्यापूर्वी नोंदणीचाही विचार करा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीची ५,००० रुपये ठरवण्यात आली. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा, ही त्यातली अट इंजिन बांधणाऱ्याच्या कामाची आहे. दुसरं इंजिन टाकून मोकळं होणं सोपं वाटतं, पण त्याने गाडीचं मूळपण जातं. ब्लॉकवर ठोकलेल्या इंजिन क्रमांकाचा फोटो आणि पेन्सिल प्रिंट पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. ब्लॉक मशीनवर चढवण्याआधी कारागिराला तो क्रमांक बोटाने दाखवा आणि तिथे हत्यार लागणार नाही याची खात्री करून घ्या.

गाडीत असतानाच

इंजिन चालू होत असेल तर ते उतरवण्याची घाई करू नका. चालतं इंजिन पुष्कळ माहिती देतं. ते एकदा सुटं झालं की ती मिळत नाही. गाडी नीट गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. एकाचं माप दुसऱ्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे सारखेच खाली असतील तर त्या दोघांच्या मधलं पॅकिंग जळालेलं असण्याची शक्यता मोठी.

धूर पाहा. पाय दाबताना निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. घाटात गाडी गिअरमध्ये उतरवून पुन्हा पाय दिल्यावर निळा ढग सुटत असेल तर व्हॉल्व्ह गाइड ढिले आहेत. गरम इंजिनातही पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी आत येतंय. ऑइलचं प्रेशर गरम अवस्थेत मोजा, थंड इंजिनातलं प्रेशर दिशाभूल करतं. गाडीत फक्त दिवा असेल तर त्याच्या जागी तात्पुरता गेज जोडा.

वर्षानुवर्षं उभी राहून जॅम झालेलं इंजिन असेल तर रीत वेगळी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल समप्रमाणात ओता, काही दिवस मुरू द्या आणि मग पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हलकेच पुढे-मागे करा. सेल्फ मारू नका. गाडी ओढून गिअरमध्ये टाकण्याचा मोह तर टाळाच. गंजून चिकटलेल्या रिंगा अशा झटक्याने तुटतात आणि चांगला पिस्टन फुटतो.

हत्यारं कोणती

फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात, म्हणजे आपल्याकडे सहज मिळणारे. ॲम्बॅसिडर किंवा जुनी जीप असेल तर इंची संच हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थचा संच हवा, त्याला दुसरा पर्याय नाही. मिमीचा पाना इंची नटावर ‘जवळपास’ बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. साठ वर्षांचा मूळ नट असा गेला की तसाच दुसरा सापडायला फार फिरावं लागतं. गोटी पाना घ्याल तो सहा कोनांचा घ्या. बारा कोनांचा पाना गंजलेल्या नटावरून घसरतो.

बाकी गॅरेजचं सामान तुम्हाला ठाऊक आहे. चेन पुली, पक्क्या घोड्या, ओढायचे पुलर, रिंग कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह स्प्रिंगचा क्लॅम्प. यातलं बरंचसं ओळखीच्या गॅरेजमधून उसनं मिळतं. मोजायची हत्यारं मात्र स्वतःची असावीत असं माझं ठाम मत आहे. ० ते २५, २५ ते ५० आणि ५० ते ७५ मिमीचे तीन मायक्रोमीटर, सिलिंडरच्या आतून लावायचा बोअर गेज, चुंबकी बैठकीचा डायल गेज, फीलर गेजचा संच, सरळ पोलादी पट्टी आणि टॉर्क पाना. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ही सगळी मिळतात. महाग वाटली तर पाने थोडे कमी घ्या, पण मायक्रोमीटर चांगला घ्या. वापरण्याआधी दर वेळी त्याच्यासोबत आलेल्या प्रमाण सळईवर शून्य तपासा. व्हर्निअरवर बेअरिंगच्या जागा मोजू नका. जो फरक शोधायचा तो शतांश मिमीचा असतो आणि तो व्हर्निअरवर भरवशाने दिसत नाही.

टॉर्क पान्याबद्दल एक सूचना. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, तर नव्या पान्यावर न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. मॅन्युअलच्या पानावर शेजारी पेन्सिलने बदललेला आकडा लिहूनच ठेवा, कारण बोल्ट आवळताना डोक्यात गुणाकार करणं धोक्याचं. मॅन्युअल हवंच, झेरॉक्स प्रत मिळाली तरी चालेल. टॅपेटचं अंतर, बोल्टचं टॉर्क, क्रँकचं मूळ माप यांना ऐकीव आकडे लावू नका.

सुटं करताना

प्रत्येक कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही जोडी कायमची असते. उघडण्याआधी दोन्हींवर सिलिंडरचा क्रमांक आहे का पाहा. नसेल तर पंचाने ठिपके मारा. मेन बेअरिंगच्या टोप्यांचंही तसंच. पुशरॉड आणि टॅपेट पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने ठेवा, कारण झिजलेला टॅपेट स्वतःच्याच कॅमवर चालायला हवा. जुनी बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. उलटी करून पाठ पाहा, बहुतेक वेळा तिथे साइज कोरलेला असतो आणि आधी कितीवर काम झालं ते आयतंच कळतं. पुढच्या बाजूवरचे ओरखडेही पाहा. सगळ्या बेअरिंगवर सारखे ओरखडे असतील तर ऑइलमध्ये कचरा होता. एकाच बेअरिंगची एकच कड घासली असेल तर तो रॉड वाकडा आहे.

हेड निघत नसेल तर छिन्नी घालू नका. ॲल्युमिनियम मऊ असतं. त्याला पडलेली खूण फेसिंग करूनही जाईलच असं नाही. स्टड आणि हेड यांच्या मधल्या फटीत गंज धरतो आणि तोच हेड अडवून ठेवतो. गंज सोडवणारं ऑइल रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून बाजूंनी हलकेच ठोका. तेही नाही झालं तर दोन-दोन नट एकमेकांवर आवळून स्टडच बाहेर काढा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका आणि ब्रशच्या मशीनने उडवूही नका. ओलं करा, मास्क लावा आणि खरवडलेला भाग पिशवीत बांधून टाका.

धुणं हे अर्धं काम

मला विचाराल तर इंजिनाच्या कामात सगळ्यात कमी लेखलं जाणारं काम हेच. बिडाचा ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत घातला की आतून-बाहेरून निघतो. पण त्या टाकीत हेड किंवा पिस्टन चुकूनही जाऊ देऊ नका, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. मशीन शॉपमध्ये सगळे भाग एकाच टोपलीत देऊन निघून आलं की हे घडतं. हेड वेगळं द्या आणि तोंडी सांगून भागणार नाही, चिठ्ठी बांधा.

टाकीत जाण्याआधी ब्लॉकचे पाण्याचे प्लग ठोकून काढा. मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरभोवती गंज आणि गाळाचा घट्ट थर सापडेल. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेल्या गाडीत तर तो दगडासारखा होतो. घाटात गाडी तापते आणि लोक रेडिएटर बदलत राहतात. खरी अडचण पुष्कळदा या गाळाची असते. सळईने तो पूर्ण मोकळा करा. ऑइलच्या वाटांवरचे प्लगही काढा आणि लांब ब्रश आरपार फिरवा. क्रँकच्या आतल्या तिरप्या भोकांतही ब्रश फिरायला हवा, विशेषतः ग्राइंडिंग करून आल्यावर. ग्राइंडिंगची बारीक पूड तिथे अडकते आणि पहिल्याच तासाभरात नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसते.

बोअर आणि होनिंग झाल्यावर सिलिंडर धुवायचे ते गरम पाणी आणि साबणाने. आपल्याकडे रॉकेल किंवा पेट्रोलने पुसायची पद्धत आहे, पण त्याने तेलकटपणा जातो आणि होनिंगच्या दगडाची पूड मात्र बिडाच्या बारीक रेघांत तशीच राहते. कपडे धुण्याची पावडर, खरखरीत नायलॉनचा ब्रश आणि भरपूर गरम पाणी घ्या. हवेने वाळवा, लगेच पांढऱ्या स्वच्छ फडक्याने इंजिन ऑइल चोळा. फडक्यावर करडा डाग आला तर पुन्हा धुवा. फडकं पांढरं निघेपर्यंत हे करावं लागतं. धुतलेलं बीड काही मिनिटांत गंज धरतं, म्हणून ऑइलचा हात लावायला उशीर नको.

मापांची वही

आता खरं काम. एक पान सिलिंडरसाठी घ्या. प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर मोजायचा, म्हणजे वरच्या कडेच्या जरा खाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशा, एक क्रँकच्या लांबीच्या रेषेत आणि दुसरी तिला काटकोनात. चार सिलिंडरचे चोवीस आकडे होतात. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या थांब्याखाली आणि काटकोनातल्या दिशेला दिसेल, कारण पिस्टनचा रेटा तिथे पडतो. वरचा आणि तळाचा आकडा यांतला फरक म्हणजे निमुळतेपणा, दोन दिशांमधला फरक म्हणजे लंबगोलपणा. झीज दीड दशांश मिमीच्या आसपास किंवा पुढे गेली असेल तर नुसत्या रिंगा बदलून पैसे वाया जातील. बोअर करावं लागेल.

दुसरं पान क्रँकचं. प्रत्येक मेन आणि प्रत्येक बिग एंड जर्नल दोन ठिकाणी, दोन दिशांनी मोजा. लंबगोलपणा पाच शतांश मिमीकडे सरकला असेल तर ग्राइंडिंग टाळू नका. मशीन शॉपमध्ये अजूनही थाऊची भाषा चालते. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिमी. दहा, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीगणिक पुढच्या मालकाच्या हातातली एक संधी कमी होते. म्हणून दहावर काम भागत असेल तर ‘एकदाच स्वच्छ करून टाकू’ म्हणत वीसवर नेऊ देऊ नका. जर्नलच्या दोन्ही कडांना जी गोलाई असते, ती ग्राइंडिंगनंतरही तेवढीच हवी. तिथे चौकोनी कोपरा सोडला तर क्रँक त्याच ठिकाणी तडकतो.

मापं घेताना सगळे भाग एकाच तापमानाला असू द्या. रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. उन्हातून आणलेला ६८ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन खोलीतल्या ब्लॉकपेक्षा १० अंशांनी गरम असेल तर तो दीड शतांश मिमी मोठा भरतो. पिस्टन आणि सिलिंडरमधलं सगळं अंतरच काही शतांशांचं असतं. त्यात ही चूक परवडत नाही.

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर घाला. ०.०५ मिमीची पट्टी सहज सरकत असेल तर फेसिंग हवं, पण जेवढ्यास तेवढंच. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि रॉकरचा कोनही बदलतो. ऑइल पंपही उघडा. गिअरची तोंडं आणि झाकण यांमधली फट पट्टी आणि फीलरने मोजा, झाकणावर खड्डा पडला असेल तर ते सपाट करून घ्या. पुष्कळ इंजिनांत नवी बेअरिंग घालूनही प्रेशर येत नाही, ते या झाकणामुळे.

मशीन शॉपमध्ये

क्रम असा ठेवा: आधी वहीवरून साइज ठरवा, मग त्या साइजचे पिस्टन हातात घ्या, ते स्वतः मोजा आणि मगच ब्लॉक बोअरला द्या. कारागिराने पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायचा असतो. नुसत्या ‘वीस ओव्हर’ या शब्दावर नाही. बाजारात निनावी पिशवीतले पिस्टन फिरतात आणि एकाच सेटमध्ये दोन-तीन शतांशांचा फरक निघतो. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, दुकानात मायक्रोमीटर घेऊन जायला लाजू नका. चांगला दुकानदार कौतुकच करतो. पिस्टन आणि भिंतीमधलं अंतर किती ठेवायचं हे पिस्टन बनवणारा सांगतो. त्याचं कागदावरचं माप मिस्त्रीच्या सवयीपेक्षा वरचं माना. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या हव्यात. आरशासारखी गुळगुळीत भिंत ऑइल धरत नाही.

ब्लॉकला तडा असेल तर लगेच हताश होऊ नका. पाण्याच्या भागातला तडा धातूच्या खुंट्या ठोकून, गरम न करता शिवता येतो, आणि बिडासाठी मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. वेल्डिंग करायचं तर निकेलचा रॉड, आधी सावकाश तापवणं आणि नंतर त्याहून सावकाश थंड होऊ देणं हवं. घाई केली तर जोडाच्या शेजारी दुसरा तडा जातो. ॲल्युमिनियमचं हेड टिग वेल्डिंगने भरता येतं. तडा दिसत नसला तरी रंगाची तपासणी करून घ्या. लाल द्रव लावून पुसला आणि वर पांढरी पूड फवारली की केसाएवढी रेघही उमटते. प्लगचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल घाला. पुढच्या साइजचा टॅप मारून मोठा प्लग बसवायचा विचार नको.

व्हॉल्व्हचं काम सावकाश करण्यासारखं आहे. आधी गाइड, मग सीट. गाइड ढिला ठेवून सीट कापली तर ती केंद्रातून सरकते. एक्झॉस्टची सीट रुंदीला जरा जास्त ठेवा, कारण व्हॉल्व्हची उष्णता तिच्यातूनच हेडमध्ये जाते. देशभरात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. तेव्हापासून मऊ सीट लवकर खचतात, म्हणून सीट बदलायच्याच असतील तर कठीण धातूच्या घाला. पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून झाले की हेड उलटं ठेवून पोकळीत रॉकेल ओता. दहा मिनिटांत पोर्टमध्ये ओल आली नाही म्हणजे बसले.

१९३० आणि १९४० च्या दशकांतल्या पुष्कळ गाड्यांत सुटी बेअरिंग नसतात, तर ब्लॉकमध्ये आणि रॉडमध्ये पांढरा धातू थेट ओतलेला असतो. तो ओतणं, बोअर करणं आणि निळा रंग लावून स्क्रेपरने जागेवर बसवणं हे वेगळं कसब आहे. ऑइल इंजिनांवर वाढलेल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ते करणारे जुने कारागीर शोधावे लागतात. सापडले तर आपल्या घरातल्या एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला त्यांच्याजवळ बसवा. ही विद्या पुस्तकातून येत नाही.

बांधणी

खोली झाडू नका, पुसून घ्या आणि पंखा बंद ठेवा. क्रँक बसवण्याआधी प्रत्येक बेअरिंगचं अंतर मोजा. जर्नलवर प्लास्टिगेजचा तुकडा ठेवून टोपी टॉर्कवर आवळायची, क्रँक फिरवायचा नाही, पुन्हा उघडायची आणि चपटलेली रुंदी पट्टीशी ताडायची. जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढं अंतर हा ढोबळ हिशेब. ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमी. मॅन्युअलमधला आकडा मिळाला की तोच धरा. तिन्ही टोप्या आवळल्यावर क्रँक बोटांनी फिरला पाहिजे. जड जात असेल तर एकेक टोपी ढिली करून कोणती धरते ते शोधा. ‘चालवून मोकळा होईल’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरमध्ये जाणार तिथेच पिस्टनने सरळ ढकलून तोंडातली फट मोजा. ६८ मिमीच्या बोअरला पाव मिमीपेक्षा किंचित जास्त फट हवी. कमी असेल तर बारीक कानशीने घासून करा. फट नसलेली रिंग तापल्यावर फुगते, टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि भिंत खरवडली जाते. पिन बसवताना पिस्टन गरम पाण्यात तापवा, हातोडी नको. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

साखळीच्या खुणा जुळवल्यावर इंजिन पुलीच्या नटावरून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळा. आटे स्वच्छ आणि किंचित तेलकट असू द्या, कोरड्या आट्यावर टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो. फायरिंगचा क्रम १-३-४-२. डेल्कोच्या वायरी लावताना मनात म्हणत लावा.

इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि माउंटिंगची रबरं बघून घ्या. पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्याही बदला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनी रबरं त्याने फुगतात आणि गळतात. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंट घाला. ॲल्युमिनियमच्या हेडला त्याची गरज इतर गाड्यांपेक्षा जास्त आहे.

पहिला आवाज आणि त्यानंतर

ऑइल भरल्यावर प्लग न लावता सेल्फने इंजिन फिरवा, प्रेशर दिसेपर्यंत. सेल्फ थोडा वेळ मारा, थोडा थांबवा. प्रेशर आलं की मगच प्लग लावा. कॅमशाफ्ट किंवा टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्यावर इंजिन आयडलवर सोडू नका. वीसेक मिनिटं २००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. कॅमवर ऑइल मुख्यतः क्रँकने उडवलेलंच पोचतं आणि मंद फेऱ्यांवर ते पुरत नाही. ऑइल घेताना जस्ताचं प्रमाण पाहा. आजच्या गाड्यांच्या नव्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं आणि जुन्या सपाट टॅपेटांना ते हवं असतं. सुरुवातीला साधं खनिज ऑइल घाला, सिंथेटिक नको. सिंथेटिकच्या निसरडेपणामुळे रिंगा भिंतीशी नीट बसत नाहीत.

पहिले काही दिवस गाडी फार हळू चालवण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. तो अर्धा खरा आहे. जास्त वेग नको, पण नुसतं रेंगाळणंही नको. थोडा चढ, थोडा उतार, पाय दाबायचा आणि सोडायचा, असं बदलत चालवलं की रिंगांवर दाब येतो आणि त्या बसतात. एका वेगावर एक्स्प्रेसवेवर तासभर धावणं मात्र टाळा.

पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्कवर घ्या आणि टॅपेट लावा. ॲल्युमिनियमच्या हेडला गरम असताना पाना लावू नका. पाचशे किलोमीटरला ऑइल बदला. ते पांढऱ्या पसरट भांड्यात काढा, उन्हात धरा आणि तळाला चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी काळी बारीक पूड ही रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशी बसल्याची, ती येणारच. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी किंवा तांबूस चकाकी दिसली तर ती बेअरिंगची किंवा बुशची असू शकते. तेव्हा नवं ऑइल ओतण्याआधी संप खाली घ्या, एक बिग एंड उघडा आणि वहीतला आकडा समोर ठेवून जर्नल पुन्हा मोजा.